मोजून घेतलं, मग वाढलं

माझ्या सासूबाईंच्या हातचं जेवून वेळेवर उठणं हे एक कसब होतं. ताटावर आडवा हात धरला, तर त्या बोटांच्या फटीतून आमटी सोडायच्या. घाईघाईने उठू लागलात, तर पाठीमागून येऊन वाटीत खीर ओतायच्या आणि वर "आता टाकू नका हं" असं ऐकवायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मला सगळे ब्लाउज उसवून घ्यावे लागले. माहेरची माणसं म्हणाली, पोरगी सुखात आहे. होतेच. फक्त दुपारी दोन ते चार मी कुणाच्या कामाची नसे.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. म्हणजे एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगते. ती बिघडली की काय करायचं, ते पुढच्या वर्षांचे शिक्षक बघतात. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझी पत बेताचीच. ताप आला की माणसं माझ्या दारावरून जिना उतरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातात, आणि बरी झाली की मला येऊन विचारतात, "पण मुळात ताप येतोच का हो, मॅडम?" तेवढंच मला सांगता येतं.

चाळिशी ओलांडल्यावर मी पीएचडीला नाव नोंदवलं. नवरा म्हणाला, "आत्ता? या वयात लोक डॉक्टरकडे जातात, डॉक्टर व्हायला नाही." पण मला विषय मिळाला तो त्याच्याच वडिलांमुळे.

बाबा, म्हणजे माझे सासरे, माहुलच्या बाजूला एका कंपनीत हिशेबनीस होते. उंच, ताठ, बोलायला कंजूष. एका रविवारी जेवण झालं, हात धुवायला उठले, बेसिनपाशी गेले आणि भिंतीला पाठ टेकवून हळूच खाली बसले. पडले नाहीत. बागेत गवतावर बसावं, तसे बसले. चेहरा मात्र पांढराफटक आणि कपाळावर घाम. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "काही नाही झालं. नळ बंद करा."

मग तपासण्या झाल्या. हृदय ठीक, साखर ठीक, मेंदूचा फोटो ठीक. पण तसं पुन्हा झालं, आणि प्रत्येक वेळी जेवल्यावरच. शेवटी बाबांनी स्वतःच उपाय शोधला. जेवणच कमी केलं. अर्धी पोळी, चमचाभर भात, "आज भूक नाही" म्हणून उठायचं. पडण्याची त्यांना भीती नव्हती; पडताना नातीने, म्हणजे माझ्या मुलीने, बघण्याची होती. बघता बघता माणूस वाळायला लागला. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं.

सासूबाईंना आम्ही आईच म्हणायचो. आईंनी यावर त्यांना ठाऊक असलेला एकच इलाज केला. दुप्पट जोराने वाढायला लागल्या. ते नको म्हणायचे, त्या वाढायच्या, ते ताट सरकवायचे. सगळ्या संसारात ज्या दोघांचा आवाज कधी चढला नव्हता, त्यांचा आता रोज ताटावरून चढायला लागला. शेवटी बाबा आमच्याबरोबर जेवायला बसायचेच टाळू लागले. "तुम्ही घ्या, मी नंतर बघतो." आणि नंतर काही बघायचे नाहीत.

मी कॉलेजातलं रक्तदाबाचं यंत्र घरी आणलं, आणि महत्प्रयासाने एका रविवारी त्यांना जेवायला घालून थोड्या थोड्या वेळाने आकडा बघत गेले. आकडा उतरत गेला. जेवण पोटात गेलं की आतड्यांकडे रक्ताची रीघ लागते. तरुण शरीर तेवढ्यात बाकीच्या रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं, तोल सांभाळतं. काही म्हाताऱ्या शरीरांना ते जमत नाही. लग्नघरातली सगळी माणसं हॉलवर निघून जातात आणि घराला कुलूप लावायचं राहून जातं, तसंच. हे मी वर्गात दर वर्षी शिकवत आले होते.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी उत्साहाने हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका सासऱ्यावर प्रबंध होत नाही. आणि घरचं माणूस अभ्यासात घ्यायचंच नाही. बाहेरची माणसं जमव."

पुस्तकांत उपाय होते. जेवणाआधी मोठा पेलाभर पाणी पाजून बघा, जेवण थोडं थोडं करून द्या. पण पुस्तकातली माणसं पाव, अंडी आणि फळांचा रस घेणारी. आमटी-भात-पोळीवाल्यांना त्याचा किती उपयोग होतो, ते मला बघायचं होतं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी उद्देश म्हणून असंच काहीसं भारदस्त लिहिलं. खरा उद्देश एवढाच होता, की बाबांनी पुन्हा पोटभर जेवावं आणि पडू नये.

रीतसर परवानग्या मिळाल्या. आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचा एक लहानसा हॉल आहे, तो रविवारी मिळाला. सकाळपासून चहा नाही, मग ठरलेलं जेवण, मग दोन तास दंडाला पट्टा बांधून बसायचं. चहाच्या अटीवरच सगळं बुडायच्या बेतात होतं.

"चहा नाही म्हणजे अर्धासुद्धा नाही?" तळमजल्यावरचे काका म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले. काकू गेलेल्या, मुलगा परदेशात.

"नाही, काका."

"मग माझं बीपी आधीच झोपलेलं असणार. तू नंतर काय पाडणार त्याचं?"

पण माणसं आली. नुसती आली नाहीत, मित्रांना घेऊन आली. कट्ट्यावर रक्तदाबाचे आकडे शाळेतल्या मार्कांसारखे मिरवले जाऊ लागले. "मला किती? आणि याला? बघ, मी पुढे!" दोघांचा गैरसमज मी दूर केला; बाकीच्यांचा राहू दिला, कारण त्यामुळे ती वेळेवर येत.

स्वयंपाक आईंनी अंगावर घेतला. म्हाताऱ्या माणसांना बाहेरचं घालायचं नाही, म्हणाल्या. मी त्यांना स्वयंपाकघरातला वजनकाटा दाखवून सांगितलं, की प्रत्येकाला अगदी सारखंच जेवण गेलं पाहिजे, भात एवढा, आमटी एवढी, शिऱ्याची मूद एवढी. त्या काट्याकडे बघत राहिल्या. चिडल्या की त्यांची बोली थेट मालवणला पोचायची.

"माणसांक काय मोजून वाढतत? गो, आमच्याकडे श्राद्धाच्या कावळ्याक पण कोणी मोजून वाढणत नाय."

"आई, हे शास्त्र आहे."

"असात. पण बरा दिसणा नाय."

तरी त्या तयार झाल्या. थोडं थोडं जेवण देऊन बघायची पाळी नंतरची होती; आधी पाण्यासाठी प्रत्येक माणूस दोन रविवार यायचा. एकदा जेवणाआधी पाणी पिऊन, एकदा पाण्याशिवाय. पाणी प्यायलेल्या दिवशी रक्तदाब कमी घसरायला हवा. काही महिन्यांनी आकडे घेऊन मी मॅडमकडे गेले. कुणाचा कमी घसरला होता, कुणाचा जास्त, आणि काकांचा तर पाणी पिऊन दाणकन खाली आला होता.

"दोन्ही वेळा जेवण तेच होतं?" मॅडमनी विचारलं.

"ग्रॅमवर, मॅडम."

"वाढलं कुणी?"

"माझ्या सासूबाईंनी."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याही मराठी घरातल्याच. "सासूबाईंनी," त्या म्हणाल्या, आणि एखाद्या रोगाचं निदान झाल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी मी पट्टे बांधायचं काम दुसऱ्याला दिलं आणि हॉलच्या मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आईंनी ताट काट्यावर ठेवलं. चष्म्यातून आकडा नीट वाचला. भाताची चार शितं काढली, पुन्हा वाचला. समाधान झालं. मग ताट काट्यावरून उतरवलं, त्यात आणखी एक डाव भात घातला, वर तुपाची धार सोडली आणि शिऱ्याच्या मुदीशेजारी दुसरी मूद बसवली.

"आई!"

"काय झालं?"

"मोजायचं ठरलं होतं ना आपलं?"

"मग मोजलं की. आत्ता तुझ्यासमोर मोजलं. मोजून घेतलं, मग वाढलं."

"पण वाढायचंच नव्हतं!"

"मोजणं तुझं काम, वाढणं माझं. त्या माणसाच्या घरी वाढायला कोण आहे, सांग मला. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्याच्या हातचं गरम जेवतो, आणि मी त्याला चिमटीने घालू?"

बाहेरून काकांचा आवाज आला, "वहिनी, तिला सापडलं वाटतं! शिरा तेवढा परत घेऊ नका हो!"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या अभ्यासाला इतकी माणसं आपणहून येतात, याचा मला केवढा अभिमान होता. मॅडमपुढे मी 'सामाजिक सहभाग' असा शब्दही वापरून दाखवला होता. तो सगळा सहभाग तुपातला होता.

मॅडमनी एका वाक्यात निकाल लावला, "पुन्हा कर, सगळं." मग मी वाढायला माझ्या नवऱ्याला उभं केलं. तो काट्यावर शीत न् शीत मोजणारा माणूस. पहिल्या रविवारी कट्टा इतक्या शांतपणे जेवला, की मला दुखवट्याला आल्यासारखं वाटलं.

आई घरी माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. तेही मी सोसलं असतं. पण इकडे बाबा आणखी वाळत होते, आणि आईंची ताट भरण्याची जिद्द तशीच होती. एका दुपारी स्वयंपाकघरात मी पुन्हा विषय काढला.

"जेवणाने कोण पडतं गं?" त्या म्हणाल्या. "न जेवल्याने पडतं. तुझं शास्त्रच उलटं आहे. या माणसाच्या अंगात काही राहिलं नाही, ते दिसत नाही तुम्हाला?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मला पहिल्यांदा कळलं, की बाबा आपल्या डोळ्यांसमोर उपाशी जातील याची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती काही खोटी नव्हती.

मी म्हटलं, "तुम्हीच बघा. या रविवारी तुम्हाला हवं तसं वाढा. मी एक शब्द बोलणार नाही. पण यंत्राजवळ तुम्ही बसायचं, आणि आकडा तुम्ही वाचायचा."

बाबांना आम्ही आरामखुर्चीत बसवलं. उभं राहायचंच नाही, असं बजावलं. आईंनी मनासारखं वाढलं, आणि बाबा त्यांच्याकडे एकदा बघून सगळं जेवले. कितीतरी महिन्यांनी जेवले. आई खूश होत्या. यंत्राने हवा भरली की मासळीबाजारात भाव पुकारावा तशा ठणठणीत आवाजात आकडा सांगायच्या. पहिला सांगितला. दुसरा सांगितला. तिसऱ्याला आवाज जरा उतरला. पुढचा त्यांनी नुसता वाचला.

"सांग ना, किती?" बाबांनी विचारलं. त्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते.

आईंनी आकडा सांगितला नाही. मला म्हणाल्या, "त्यांचे पाय वर घे." आणि त्यांचा हात धरून, आकडा पुन्हा चढेपर्यंत, यंत्राकडे बघत बसून राहिल्या. दुपारभर त्या जेवल्या नाहीत, आणि त्यांना आग्रह करायची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांपुढे नाश्त्याची छोटी ताटली आली. तिच्यात तळहाताएवढी एक पोळी, थोडी भाजी आणि वाटीच्या तळाशी आमटी. त्याआधी पेलाभर पाणी. तो संपेपर्यंत आई समोर उभ्या.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"एवढंच. एक वाजता परत. चार वाजता परत."

"अर्धी पोळी दे अजून."

"मिळायची नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलंच नव्हतं.

बाबा हळूहळू भरले. घसरणारं घड्याळ पुन्हा मनगटावर राहू लागलं. क्वचित तोल जायचा, पण भिंतीशी बसायची वेळ आली नाही. माझा प्रबंधही यथावकाश पुरा झाला. पाण्याचा थोडा उपयोग होतो, थोडं थोडं जेवण्याचा जास्त, असं त्यात बऱ्याच पानांत सांगितलं आहे. परीक्षकांनी विचारलं, "ही सुरुवातीची सगळी निरीक्षणं बाद का केलीत?" मी म्हटलं, "आहार प्रमाणित राहिला नाही." मॅडम खोकल्या.

बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. झोपेत गेले, पडून नाही. त्यांच्या त्या शेवटच्या वर्षांतली एक दुपार मला फार आठवते.

परीक्षेचं काम लवकर संपलं म्हणून मी चारच्या सुमारास घरी आले. लॅच उघडून आत शिरले, तर गॅलरीतून बोलण्याचा आवाज येत होता. बाबांपुढे स्टुलावर त्यांची ताटली होती. शेजारच्या खुर्चीत आई होत्या, मांडीवर स्वतःची ताटली घेऊन. आई कायम सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्याच दोन घास खायच्या. त्यांना कुणाबरोबर बसून जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. पण चारच्या या जेवणाला घरात दुसरं कुणी नसायचं. वाढायला कुणी नव्हतं, म्हणून त्या बसल्या होत्या. खालच्या भाजीवालीची नक्कल करत होत्या, आणि बोलायला कंजूष असलेले बाबा घास हातात धरून हसत होते.

मला बघताच आई चोरी पकडल्यासारख्या उठल्या. पदराने तोंड पुसलं. "आलीस? बस, चहा टाकते. काही खाल्लंस का?"

"तू बस गं," बाबा म्हणाले. "तिला हात आहेत. तुझी पोळी गार होतेय."

आई क्षणभर अवघडल्या. मग बसल्या.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि गॅस अगदी बारीक केला.