गेटावर सोडलेला अंबाडा

"बाल खोल," पोलीसबाई म्हणाली.

सकाळची वेळ. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या ब्लॉकचं गेट, शेजारी दुधाच्या बूथवर रांग. मी अंबाडा सोडला. तिने माझ्या केसांत बोटं खुपसून मंगळसूत्र आहे का ते पाहिलं आणि इन्स्पेक्टरला सांगितलं, "कुछ नहीं है, सर." तरीही मला जीपमध्ये कोंबलं. रांगेतल्या एकानेही तोंड फिरवलं नाही. सगळे बघत होते.

मंगळसूत्र वहिनींचं. साहेब पुण्याचे, केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर. मी सोलापूरकडची, त्यांच्याकडे स्वयंपाकाला. "तू आपल्यातलीच गं," असं वहिनी कायम म्हणायच्या. माझ्या हातची आमटी पाहुण्यांपुढे मिरवायच्या. त्या सकाळी मात्र मला ऐकू जाईल अशा आवाजात इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "ये लोग ऐसे ही होते हैं." इतकी वर्षं माझ्याशी मराठीत बोललेली बाई. एका मिनिटात हिंदीत गेली, आणि मी 'ये लोग' झाले.

साहेबांनी ठाण्यात फोन केला होता. मग कसली चौकशी आणि कसला पुरावा! कोठडीत मी म्हटलं, माझी बदनामी होतेय. इन्स्पेक्टर हसला.

"तेरी कौन सी इज़्ज़त है?"

पुढे तुरुंग. जामीन मिळेपर्यंत माझी बाकीची कामंही सुटली. चोरटीला कोण घरात घेणार?

मंगळसूत्र फरीदाबादला सापडलं. वहिनींच्या बहिणीकडे, बाथरूममध्ये, खुंटीला लटकलेलं. केस मिटली. मला सांगायला कोणी आलं नाही, माझा जामीन करून देणाऱ्या वकीलबाईंकडून कळलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, पोलिसांवर भरपाईचा दावा लावा.

दावा लागला तसं इन्स्पेक्टरने साहेबांचं नाव पुढे केलं. आणि वहिनी माझ्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच. हातात साडी, खण, नारळ.

"अगं, झालं गेलं सोड ना यार. आपणच आपल्या माणसांना सांभाळायचं. ये, ओटी भरते तुझी. तो दावा तेवढा मागे घे, साहेबांचं प्रमोशन अडलंय."

माझा हात सवयीने पदराकडे गेला. खरं सांगते, गेला. अंगात मुरलेलं असतं ते. पण पदर पसरायच्या आधी माझ्या केसांत ती बोटं पुन्हा फिरली. मी पदर कमरेला खोचला.

"मॅडम," मी म्हटलं, "ओटी नहीं चाहिए. साहब का फ़ोन भी कोर्ट में आएगा."

वहिनी नाही, मॅडम. आणि हिंदीत. त्यांचं तोंड उतरलं ते मी डोळे भरून पाहिलं. मला आनंद झाला. त्याची मला जराही लाज वाटत नाही.

सरकारी तिजोरीतला पैसा मला नको. तो देताना इन्स्पेक्टरला काय चटका बसणार? भरपाई त्याच्याच पगारातून कापा, असं मी वकीलबाईंना दाव्यात घालायला लावलंय. त्या म्हणाल्या, फार वेळ लागेल, एकदम मिळणारही नाही. बरंच आहे. दर महिन्याला पगार कमी पडला की त्याला गेटावरचे माझे मोकळे केस आठवू देत. मी थोडं थोडं करून घेईन. तो रिटायर होईपर्यंत.