नऊ भेदरांची झाडं

मी तोंडाची तिखट, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला दोन महिने लागले.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हा मी नांदुऱ्याहून सुलतानपूरला सून म्हणून आले. वडिलांनी भेदरांची, म्हणजे टमाट्यांची, नऊ रोपं ओल्या फडक्यात बांधून दिली होती. एसटीत मी ती मांडीवरून खाली ठेवली नाहीत. घरामागच्या परसात लावली आणि रोज विहिरीवरून पाणी आणून घातलं. करमेनासं झालं की त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. हसा खुशाल, पण त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

झाडांना फुलं आली आणि माझे महिन्याचे चार दिवस आले. बाहेर बसलेल्या बाईची सावली पडली तरी झाडं जळतात, असं सगळा गाव मानायचा. मला गोठ्यात पोतं टाकून दिलं. पिण्याचं पाणी आमचे हे भरून ठेवायचे आणि शाळेत शिकवायला जायचे. बाकी सगळं सासूबाईंवर, त्यात माझी झाडंही आली. त्यांचे गुडघे धरलेले, विहिरीपर्यंत जाणं त्यांना जमत नसे.

पाचव्या दिवशी न्हाऊन परसात गेले, तर सहा झाडांनी माना टाकलेल्या, पानांच्या कडा करपलेल्या. मला रडू फुटायच्या आत सासूबाईंनी मागून विचारलं, "काऊन वं, हात लावला न झाडाले?"

नाही म्हटलं. आईची शपथ घेतली. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारणीला जाऊन सांगितलं, की सून विटाळ पाळत नाही अन् वर खोटं बोलते. विहिरीवर बाया मला बघून घागरी बाजूला सरकवायला लागल्या. यांना सांगितलं तर म्हणाले, मनावर घेऊ नकोस. मनावर नाही तर कुठं घ्यायचं? झाडं गेल्याचं दुःख होतंच, पण खोटारडी म्हटलेलं मला सोसवेना. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

पुढच्या महिन्यात गाय व्याली होती, गोठ्यात जागा नव्हती. म्हणून मला मागच्या पडवीत बसवलं आणि परसाकडे पाठ करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बादली फरफटल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. आमच्या ह्यांची धोतरं धुऊन उरलेलं पाणी सासूबाई झाडांकडे नेत होत्या. एक पाऊल टाकायचं, गुडघा धरायचा, पुन्हा एक पाऊल.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एरवी धुणं मी विहिरीवर नेत असे. माझ्या चार दिवसांत त्या घरीच मोरीवर धूत, आणि धोतरं पांढरी निघावीत म्हणून पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकत. ते पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून माझ्या झाडांना!

खरं सांगते, महिनाभर मी भांडणाची तयारी करून बसले होते. गल्ली गोळा करायची, असं ठरवलं होतं. पण त्या गुडघ्यांनी ती बाई माझी झाडं जगवायला निघाली होती. मला राग आला आणि तितकीच तिची दयाही आली.

"आत्याबाई," मी म्हटलं, "ते सोड्याचं पाणी हाय. त्यानंच झाडं जळली."

त्या थांबल्या. बादलीत बोटं बुडवली, अंगठ्यावर घासून पाहिली. पाणी बुळबुळीत लागलं असणार. उरलेल्या तीन झाडांकडे पाहिलं. मग बादली मोरीत नेऊन ओतली. कुंपणापलीकडे तीच शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाई मला म्हणाल्या, "ऊठ. रांजणातलं पाणी घे, अन् झाडाले तूच घाल."

रांजण म्हणजे पिण्याचं पाणी. चार दिवसांत त्याच्याकडे मी बघायचंसुद्धा नाही. आज माझा दुसराच दिवस आहे, असं मी चाचरत सांगितलं.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढं होऊन रांजणावरचं झाकण त्यांनी स्वतः काढून धरलं.