सदतीस मागांचं गाव

शेषराव पटवारी अकोल्याजवळच्या एका विणकरांच्या गावचा. १८६७च्या कार्तिकात सरकारनं खानेसुमारी काढली आणि घरोघरची माणसं मोजायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. बेरीज झाली तेव्हा तो हरखलाच. सात वर्षांत गाव दीडशे माणसांनी वाढलं होतं! कापूस तेजीत, म्हणून गाडीवान, हमाल, दलाल कुठून कुठून येऊन वसले होते.

मोमीनपुऱ्याचा, म्हणजे विणकरांच्या वस्तीचा, कागद मात्र त्याला टोचत राहिला. सात वर्षांपूर्वी त्यानंच तिथं सदतीस माग मोजले होते. आता सहा उरले होते.

रऊफ विणकराच्या घरी त्याची बायको रजियाबी एकटीच भेटली होती.

"धंदा काय लिवू?"

"कातणारी लिवा, शेषरावजी."

"चरखा चालते का?"

"कापूस कुठी भेटते? समदा गाड्यायवर लादून चालला. दुसऱ्याच्या वावरात वेचाले जातो."

"मंग मजूर लिवा लागते."

त्यानं 'मजूर' लिहिलं. रऊफ दोन वर्षांपासून अमरावतीच्या कापूसबाजारात हमाली करत होता. त्याच्यापुढं शेषरावनं 'परगावी' लिहिलं.

तालुक्याच्या कारकुनानं बेरीज पाहून पाठ थोपटली. "भरभराट हाय तुमच्या गावाची!"

"पण एकतीस माग बंद पडले, साहेब. ती माणसं कुठी गेली?"

"गेलेल्यायचा रकाना नाही ह्याच्यात."

ते शेषरावच्या जिवाला लागलं. पौषात तो स्वतःच अमरावतीला गेला. एकतीस नावांची यादी कोपरीच्या खिशात होती. बाजारात गाठोड्यांच्या राशींमधून विचारत फिरला, तेव्हा नबी नावाचा हमाल म्हणाला, "रऊफ? तो तर आषाढातच गेला. पटकी झाली होती. आमीच माती देल्ली. सांगावा कोनासंगं धाडावा?"

म्हणजे कार्तिकात 'परगावी' लिहिलं, तेव्हा रऊफला जाऊन चार महिने झाले होते.

परत आल्यावर शेषराव थेट रजियाबीच्या दारात गेला. ती नुकतीच वावरातून आली होती, ओटीत बोंडांची टरफलं अडकलेली. त्यानं सांगितलं. ती रडली नाही. खाली बसली आणि बराच वेळ एक एक टरफल काढत राहिली.

"कबर कुठी हाय, तेवढं तरी पाहून आले का?" तिनं विचारलं.

ते विचारायचं शेषरावला सुचलंच नव्हतं.

यादीतली उरलेली तीस माणसं शोधायला तो पुन्हा कधी गेला नाही.