पंचवीस डिस्क आणि एक डबा

“अहो, त्यात मावणार नाही,” सुमन म्हणाली.

“मावतंय,” म्हणत मी उरलेलं वरण छोट्या डब्यात ओतलं आणि झाकण दाबलं. वरण ओट्यावर, माझ्या बनियनवर. माझी बायको हसत फडकं घेऊन आली. “आधी मापावं, मग ओतावं. सत्तरी आली तरी दाबादाबी!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. हार्ट.

तेरावं झालं आणि मी कामावर हजर. बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी डिस्क भरतो. शिक्षण सातवी. मालक निखिलशेठ म्हणाले, “काका, आता घरी आराम करा की.” घरी काय होतं? तोच ओटा. म्हणालो, “काम द्या.”

कात्रजच्या एका शाळेची ऑर्डर होती. पंचवीस जुने कॉम्प्युटर, पेनड्राइव्हवरून सुरूच न होणारे. त्यांना इमेज डिस्कवर हवी होती. इमेज म्हणजे फोटो नव्हे. नवी सिस्टिम टाकायचं सगळं सामान एका गाठोड्यात बांधलेलं असतं, ते. गाठोडं साडेचार जीबीचं, डिस्कच्या खोक्यावर ४.७. म्हटलं, ऐसपैस.

डिस्क घातली की इंग्रजीत एक चौकट यायची. मी ‘येस’ दाबायचो. पंचवीस वेळा आली, पंचवीस वेळा दाबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोमीन मॅडम पिशवी घेऊन दारात. “काका, तुमच्या डिस्क फार शिस्तीच्या हो. लावाल ती एकाच जागी थांबते. परवा मुलांची परीक्षा आहे.”

शेठनी माझ्या मशिनवर एक डिस्क भरून पाहिली. चौकट आली. त्यांनी वाचली. “काका, हे विचारतंय, मावत नाहीये, तरी भरू का?”

“हो.”

“तुम्ही येस दाबलंत?”

“नो दाबलं असतं तर काम थांबलं असतं.”

मॅडमनी तोंडाला पदर लावला. शेठना हसू आलं नाही. “म्हणून म्हणतो, घरी बसा.”

मग त्यांनीच समजावलं. डिस्कची कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. खोक्यावरचे ४.७ कॉम्प्युटरच्या मापाने जेमतेम ४.३८ भरतात. शेवटचा तुकडा बाहेरच राहिला होता.

मी म्हणालो, “शेठ, मोठा डबा द्या.”

“डबा?”

“डिस्क हो. दुप्पट मावणारी.”

तशी मिळते, दोन थरांची. या वेळी एकच भरली आणि कात्रजला जाऊन शाळेच्या मशिनवर लावली. शेवटपर्यंत चालली, तेव्हा बाकीच्या चोवीस भरल्या. परीक्षा झाली. शेठ पुन्हा घरी बसा म्हणाले नाहीत. फक्त माझ्या मशिनवर मराठीत चिठ्ठी चिकटवली: ‘आधी वाचा.’

वाचायचं, मापायचं, मग भरायचं. एवढीच अक्कल. घरी रोज फुकट मिळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरण केलं. सवयीने दोघांचं झालं. उरलेलं दुकानात न्यायला तिचा मोठा डबा काढला. आधी पाण्याने मापला, मग वरण ओतलं. एक थेंब सांडला नाही. तरी फडकं हातात घेऊन ओट्यापाशी जरा वेळ उभा राहिलो.