झाकण बंद आहे

लिफ्टमध्ये शिरला की अभय आधी मिटणाऱ्या दारात हात घालून बघतो, दार मागं सरतं का. सिग्नलला उभा असताना आपल्या दिव्याकडे बघत नाही, आडव्या रस्त्याच्या दिव्याकडे बघतो. कुणी ‘नेहमी’ म्हटलं की ‘म्हणजे कधीच चुकत नाही?’ असं विचारतो. चहाचा कप लॅपटॉपशेजारी कधी ठेवत नाही. खाली फरशीवर ठेवतो आणि हमखास लाथाडतो. आई कुकरच्या शिट्या मोजत असली की ओट्यापाशी येऊन म्हणतो, “आणि शिट्टी झालीच नाही, तर काय करायचं ठरवलंयस?”

“तुला उपाशी ठेवायचं,” आई म्हणते.

अभय ओव्हाळ विश्रांतवाडीचा. वडील कचरू ओव्हाळ खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. अभयनं डिप्लोमा केला आणि भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लागला. कारखान्यातल्या यंत्राशेजारी एक लोखंडी कपाट असतं. त्यात पीएलसी नावाची डबी असते. मोटर कधी फिरायची, झडप कधी उघडायची, कधी सगळंच थांबवायचं, हे ती डबी ठरवते. डबीनं काय ठरवायचं, ते अभय लिहितो.

लिहिलेलं यंत्र कुठं जातं, कोण वापरतं, ते त्याला कळत नसे. ट्रक निघाला की विषय संपला. त्याला एक तरी यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः उभं करायचं होतं. ते चाललं तर नोकरी सोडायची. नाही चाललं तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. असं त्यानं वडिलांना सांगून टाकलं होतं. वडील म्हणाले होते, “माझी हरकत नाही. पण तुझ्या आईला तू सांग.”

काम शोधणं हेच मोठं काम निघालं. इंटरनेटवर त्यानं नाव नोंदवलं. पहिला फोन आला, “सर, क्लास घेता का?” दुसरा आला, “सर, तुमच्याकडे नोकरीला जागा आहे का?” परदेशातल्या एकानं नमुना म्हणून अख्खं काम करून मागितलं आणि ते मिळाल्यावर आभारसुद्धा मानले नाहीत.

भोसरीला सुट्टी गुरुवारी. एका गुरुवारी तो शनिवार पेठेत पोपटरावांच्या दुकानात गेला. रिले, स्विच, वायरी असा माल. त्याची कंपनीही तिथूनच माल घ्यायची. त्यानं आपलं नवं कार्ड काउंटरवर ठेवलं.

पोपटरावांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. “ओव्हाळ सोल्यूशन्स. आणि प्रॉब्लेम कुणाचा?”

“गिऱ्हाइकाचा.”

“मग तसं लिहा. लोकांना वाटेल तुमचाच.”

कार्ड मात्र त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं. त्या काचेखालूनच अभयला धायरीचे हिंदुराव मिळाले.

हिंदुरावांची धायरीत शेती होती तिथं आता इमारती आहेत. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मसाल्याचा कारखाना टाकलेला. मसाला ढवळायचं मोठं पिंप होतं, त्याला आत पाती, वर झाकण. ते आपोआप चालवायचं होतं. हिंदुरावांची अट एकच. “पडद्यावर जे काय उमटंल ते मराठीत पायजे. आमच्या बायकांना इंग्रजी दाखवून काय उपेग न्हाई.”

अभयनं मराठी स्वतःच केलं. झाकण नीट लागून काठावरचं बारकं बटण दाबलं गेलं की पडद्यावर हिरव्या अक्षरात ‘झाकण बंद आहे’ असं यायचं. उघडलं की ‘झाकण उघडे आहे’, आणि पाती तत्क्षणी थांबायची. गुरुवारी त्यानं स्वतः दहा वेळा झाकण उघडून, लावून पाहिलं. दहाही वेळा बरोबर. तो खुशीत घरी आला.

शुक्रवारी भोसरीत काम करत असताना फोन आला. तो लोखंडी कपाटांच्या मागं जाऊन उभा राहिला.

“अहो ओव्हाळ, तुमचं मशीन सकाळधरनं बंद हाय बंद हाय म्हनतंय!”

“काय बंद आहे?”

“झाकण!”

“काका, झाकण बंद आहे ना?”

“बंदच हाय की!”

“मग बरोबर आहे.”

“काय बरोबर हाय? बंद हाय तर दुरुस्त करा की! नवंकोरं झाकण एका दिवसात बंद पडतंय व्हय?”



तिकडे घडत होतं ते असं. यंत्रावर काम करणाऱ्या मंदाकिनीमावशी बटण दाबत. पाती फिरू लागत. पडद्यावर ‘झाकण बंद आहे’ उमटे. लिफ्ट बंद आहे, एटीएम बंद आहे, तसंच हे. मावशी काय बिघडलं ते बघायला झाकण उघडत. यंत्र थांबे. झाकण लावलं की पुन्हा तेच. दुपारपर्यंत अर्धा मसाला लाल आणि अर्धा पिवळाच राहिला होता.

“ते झाकणाचं बारकं बटण काढून टाका,” हिंदुराव फोनवर म्हणाले. “आमी आपलं बघून घेतो.”

“ते काढलं तर झाकण उघडं असतानाही पाती फिरतील. कुणाचा हात जाईल.”

“मग मशीन घेऊन जावा.”

अभयनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भोसरीहून थेट धायरी गाठली. काम गेलंच असं तो धरून चालला होता. हिंदुराव खुर्चीतून उठले नाहीत. त्यानं लॅपटॉप उघडला नाही. मावशींना म्हणाला, “तुम्ही नेहमी करता तसं करा. आणि काय करताय ते बोलत राहा.”

मावशींना हसू आलं. “आता काय बोलू? मसाला घातला. झाकण लावलं. बटण दाबलं. आन् हे बघा, आलं तुमचं रडगाणं.”

अभयनं ‘बंद’ काढला. ‘झाकण लावले आहे’ लिहिलं. उरलेल्या वाक्यांतही ‘बंद’ शोधला. ‘मोटर बंद’, ‘झडप बंद’, ‘पंखा बंद’. झडप बंद म्हणजे काम करतेय, पंखा बंद म्हणजे करत नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं. झडप, मोटर, पंखा, प्रत्येकाला वेगळा शब्द दिला. संध्याकाळपर्यंत मसाला एकसारखा तांबडा झाला.

हिंदुरावांनी चिमूट तळहातावर घेऊन चोळली. “जमलं की. आता हळदीच्या मशीनचं बी तुमीच बघा.”

ही बातमी हिंदुरावांनी पोपटरावांना सांगितली. पोपटरावांनी ती अभयच्या कंपनीच्या मालकीण भाग्यश्रीमॅडमना सांगितली. चहाडी म्हणून नव्हे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी कौतुक केलं होतं, आणि ते असं झालं.

मॅडमनी अभयला आत बोलावलं. “बाहेरची कामं घेतोस?”

“एक घेतलं. दुसरं येतंय.”

“दोन्हीकडे नाही चालणार, अभय.”

“मग इथलं सोडतो.”

रडारड, विनवणी, निदान एक दिवसाची मुदत, असं काहीतरी मॅडमना अपेक्षित असावं. ओळखीच्या सगळ्यांनाच होतं. कुकरला चार प्रश्न विचारणारा हा माणूस नोकरी सोडताना एकही प्रश्न न विचारता उठला. आईला त्यानं सांगितलं तेव्हा तिच्या हातातली पोळी तव्यावरच करपली.

“हातातलं यंत्र पुरं करून जातो,” तो मॅडमना म्हणाला होता.

“नको. आजच जा.”

हळदीचं यंत्र सुरू झालं. त्याच सुमारास मॅडमचा फोन आला. अभयच्या हातून अर्धवट राहिलेलं ते बाटल्या धुण्याचं यंत्र तसंच पडून होतं. नव्या मुलाला त्याचं लिहिणं उलगडत नव्हतं. “बाहेरून करून देशील का? बाहेरचा माणूस म्हणूनच.”

“बघतो,” अभय म्हणाला.

तो अजून गेलेला नाही. भोसरीतलं यंत्र त्यानं लिहून ठेवलंय तेवढं चालतं. बाटल्या रांगेनं आत येतात, उलट्या होतात, धुतल्या जातात. त्यांना पुन्हा सुलट करून बाहेर कसं काढायचं, ते लिहायचं राहिलं आहे.