आमच्या घरातलं फेल

इंग्रजीत शब्दांच्या आठ जाती असतात, आणि त्या शिकताना माझं लग्न मोडायची वेळ आली होती.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी आदिलाबादेत कचेरीत कारकून आणि राहायला जवळच्याच मावला गावात. बढतीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. आमच्याकडे इंग्रजीचं व्याकरणही उर्दूतून शिकायचं! नाम म्हणजे इस्म, क्रियापद म्हणजे फेल, क्रियाविशेषण म्हणजे मुताल्लिक फेल. दिवसभर कचेरीत मान मोडायची आणि घरी येऊन हे घोकायचं. आईलाही ते पाठ झालं होतं (मला सोडून सगळ्यांना झालं होतं).

त्यातच चांद्याकडचं स्थळ आलं. मुलगी मी पाहून आलो होतो. ती मला इतकी आवडली होती, की परतताना बैलगाडीचे धक्केही जाणवले नाहीत. आता तिचे वडील आमचं घर पाहायला आले. चांदा गाव नदीपलीकडे, इंग्रजी मुलखात. तिकडे फेलचा अर्थ एकच.

मी पानं आणायला गेलो आणि घात झाला.

"पोराचा अभ्यास कसा काय?" त्यांनी आईला विचारलं.

"लय जोरात, भाऊ! कालच फेल झालं त्याचं."

"फेल?"

"हो ना! आता मुताल्लिक फेल चालू हाये. ते लय कठीन रायते म्हनते."

"अन् तुमी काईच म्हणत नाई त्याले?"

"काऊन म्हनू? पहाटी उठून फेल करते, जेवून फेल करते. काल त म्या त्याच्या हातावर साखर ठेवली!"

मी परतलो तेव्हा पाहुणे जोडे शोधत होते, आणि आई अजून माझ्या फेलचंच कौतुक करत होती.

"काका, थांबा!" मी पानं टाकून धावलो. "आमच्याकडं क्रियापदाले फेल म्हंतात!"

"मंग नापास होण्याले काय म्हंतात?"

"इंग्रजीत? फेल."

"ते कोन्ती जात?"

"क्रियापद. म्हंजे... ते बी फेल."

"फेल बी फेल?" त्यांनी एक जोडा पायात घातला. "अन् तुमी?"

"मी इस्म."

"इस्म म्हंजे पास का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण दुसरा जोडाही त्यांना सापडला होता. आणि मी फार थकलो होतो हो!

"हो," मी म्हणालो.

लग्न झालं. सासऱ्यांनी साऱ्या चांद्यात सांगितलं, जावई इस्म आहे! महिनाभराने परीक्षेचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी मामाजी, म्हणजे सासरे, हजर!

"कुठवर आला अभ्यास?" त्यांनी विचारलं.

आई पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "फेल."

"वा!" मामाजींनी माझी पाठ थोपटली. "क्रियापद पक्कं करून राह्यले म्हना की!"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, जावई विनयशील आहे.

बायको चहा द्यायला वाकली आणि हळूच म्हणाली, "अजी, खरं सांगा. उर्दूतलं फेल का इंग्रजीतलं?"

"मामाजी हायेत तवर," मी म्हणालो, "उर्दूतलं."