उघड्या बोटांचा शिंपी

गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या शिंप्याने पंचेचाळिशीत बोटावरचं, सुई टोचू न देणारं अंगुस्तान काढून ठेवलं. त्याच्या घराण्यात एक आजार बापाकडून लेकरांकडे उतरत आलेला. एका बिघडलेल्या जनुकाच्या सांगण्यावरून यकृत वाईट प्रथिन बनवतं, ते नसांत साचतं आणि बोटं हळूहळू बधिर होतात. थोरल्या भावाचं बोट मशीनच्या सुईखाली गेलं, ते त्याला कापडावर रक्त दिसल्यावर कळलं.

शिंप्याचंही मधलं बोट मुकं झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवं इंजेक्शन सुरू केलं.

"जनुक आहे तिथेच राहील," त्या म्हणाल्या, "पण त्याचा निरोप वाटेतच फाडला जाईल. गेलेलं परत येईलच असं नाही. आहे ते टिकावं, एवढीच आशा."

तेव्हापासून तो उघड्या बोटांनी काजं करू लागला. सुई टोचली, की त्याचा जीव भांड्यात पडे.

"रक्त निघालं की खूश होणारा नवरा माझ्याच नशिबी!" बायको म्हणे आणि चिंधी पुढे करी.

दीड वर्षाने डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट टोचून पाहिलं. मधलं मुकंच होतं, बाकीची सगळी जागी होती. आजार पुढे सरकला नव्हता.

घरी येऊन तो बायकोजवळ बसला.

"दादाला हे मिळायला हवं होतं गं," एवढंच म्हणाला.

मग त्याने लेकीला हाक मारली. तिची तपासणी आजवर भीतीपोटी त्यानेच टाळली होती.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल, बाळा," तो म्हणाला. "आता कळलेलं बरं."